बसायचं काम

आश्रुबाला पहिली नोकरी लागली तेव्हा तो साठीला टेकला होता. त्याआधी तो रिकामा बसून होता असं नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो ऊस तोडत होता. पण ऊसतोडीला कोणी नोकरी म्हणत नाही. दसरा झाला की भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरं ट्रकमध्ये घालायची, धारूरचा डोंगर मागं टाकायचा आणि सांगलीकडच्या फडात जाऊन उन्हाळा लागेपर्यंत वाकायचं. नोकरी म्हणजे जिथं महिन्याच्या महिन्याला पगार असतो, अंगावर डिरेस असतो आणि बसायला सावली असते. असली नोकरी त्याच्या घराण्यात कोणी केली नव्हती.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून हे घडलं. गेल्या हंगामात तो उसाच्या सरीत खाली बसला आणि त्याला उठता येईना. सुभद्राबाईनं मागून येऊन काखेत हात घालून त्याला उभं केलं. नेमकं ते मुकादमानं पाहिलं. मुकादम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आश्रुबा, फुडल्या साली तू नगं येऊ. बाईला धाडून दे, तिचा अर्धा कोयता धरू."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा, असा टोळीचा हिशोब. इतकी वर्षं आश्रुबा आणि सुभद्राबाई मिळून एक कोयता होते. त्या दसऱ्याला सुभद्राबाईनं आपल्या विधवा जावेशी, वच्छलाबाईशी जोडी लावली आणि ती ट्रकमध्ये चढली. मुलगा अंगद, त्याची बायको आणि लेकरं त्याच टोळीबरोबर होती. ट्रक वळणाआड गेला, धुरळा खाली बसला, तरी आश्रुबा वेशीपाशी उभाच राहिला. घरी जाऊन काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

थोड्याच दिवसांत त्याच्या बहिणीच्या मुलाचा, परमेश्वरचा, बीडहून फोन आला. परमेश्वर तिथं एका अभ्यासिकेत शिपाई होता. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर येऊन वाचत बसतात, तसली ती जागा. मालक सोमेश्वर सर, त्यांचे शेजारीच क्लासही होते.

"मामा, बसायचं काम हाय," परमेश्वर म्हणाला.

"बसून काय करायचं?"

"काय न्हाई. गेटवर बसायचं."

"आन काम?"

"त्येच काम हाय, मामा."

आश्रुबाला हे पटलं नाही. बसायचा पगार कोण देतो? त्यात काहीतरी खोड असणार. पण परमेश्वरनं पुढं एक गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीनं तो बीडला गेला. जिन्याखाली एक खोली होती. वॉचमन चांगला निघाला, टिकला, तर सर ती खोली त्याला देणार होते. बिऱ्हाड आणलं तरी चालणार होतं.

सुभद्राबाईची मान कधीचीच गेलेली होती. डोक्यावर मोळ्या वाहून वाहून मणका घासला, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी उठली की हाताला मुंग्या, दुपारपर्यंत चमक, संध्याकाळी ती मान न वळवता आख्खी वळायची. खोली मिळाली की तिला फडातून काढायचं, कायमचं. आश्रुबानं एवढं एकच मनाशी धरलं. त्यानं तिला फोनवर सांगितलंसुद्धा.

"खोली हाय म्हनं."

"कुनाला?"

"आपल्याला."

"मिळाली?"

"मिळंल."

"मंग मिळाल्यावर सांगा," ती म्हणाली, आणि मागून कोणीतरी हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला.

सरांनी त्याला निळा शर्ट दिला. छातीवर काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं, ते त्याला वाचता येत नव्हतं. गेटाच्या आत डाव्या हाताला एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. सर म्हणाले, "काका, ही तुमची जागा. कोण येतं, कोण जातं, बघायचं. अनोळखी माणूस दिसला की विचारायचं. बाकी काही करायचं नाही."

बाकी काही करायचं नाही हेच त्याला जमेना. खुर्चीवर बसला की त्याला वाटायचं, आता कोणीतरी येऊन म्हणेल, ऊठ, झाली इस्रांती. ते कोणी म्हणायचं नाही. मग तो आपणच उठायचा. पाण्याच्या जारची गाडी आली की जार उचलू लागायचा. पोरांच्या चपला ओळीनं लावायचा. मोटारसायकली तिरक्या उभ्या दिसल्या की सरळ करायचा. एकदा तो असाच जार घेऊन जिना चढत असताना खिशातला फोन वाजला.

"काका, खुर्ची रिकामी दिसतीय मला," सरांचा आवाज आला.

आश्रुबानं जार खाली ठेवला आणि चौफेर पाहिलं. सर कुठंच नव्हते. परमेश्वरनं गेटावरच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं कबुतरानं घरटं करावं तसं एक पांढरं काहीतरी चिकटवलेलं होतं.

"त्याच्यातून दिसतंय सरांना मोबाइलवर. पुण्यात असू द्या न्हाईतर मुंबईत."

"दिवसभर बघत्यात?"

"काय सांगावं. बघत बी असतील."

आश्रुबा जाऊन बसला. दोन-चार दिवसांनी पुन्हा एकदा तसाच फोन आला. फडात कधी कोणी त्याच्यावर अशी नजर ठेवली नव्हती. तिथं तोडलेला ऊस बोलायचा. इथं बोलायला काही नव्हतं, फक्त खुर्ची होती, भरलेली किंवा रिकामी.

अंजू नावाची एक मुलगी अभ्यासिकेत यायची. नेकनूरकडची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे मैदानावर धावून, घामानं ओली होऊनच गेटातून आत यायची. तिचेही आईबाप ऊसतोडीला गेलेले होते, म्हणून ती आश्रुबापाशी घडीभर थांबायची.

"बाबा, तुमी नशिबाचे," एकदा ती म्हणाली. "आमी बी दिवसभर बसूनच हावोत की. आमाला कुणी पगार देईना."

"तुमी वाचताव."

"ते वरून दिसायला. निम्मी पोरं मोबाइल बघतेत. बसायचा अनुभव धरला तर आमी तुमच्याहून सीनियर हावोत."

आश्रुबा हसला. बीडला आल्यापासून तो असा एखाददुसऱ्या वेळीच हसला असेल.

दिवाळी जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. गेटाच्या कडेनं, भिंतीला धरून, शोभेचे पिवळे बांबू लावलेले होते. ते चांगले माजले होते. सर गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणाले, "काका, हे बांबू जरा कमी करा हो. बोर्ड झाकतोय." आणि गाडी निघून गेली.

काम सांगितलं होतं, खुद्द सरांनी. आश्रुबाच्या अंगात काहीतरी हललं. समोर एक शहाळंवाला गाडा लावायचा, त्याच्याकडून त्यानं कोयता मागून आणला. शहाळ्याचा कोयता जड असतो, पण मूठ हातात आली की हाताला सगळं आठवतं. तो बांबूंपाशी वाकला. गुडघे दुखले नाहीत, की दुखले ते त्याला कळलं नाही. डाव्या हातानं बुडखा धरायचा, उजव्यानं जमिनीसरशी एकच घाव. मग वरचं वाढं, हिरवा शेंडा, उडवायचं, पाला साळायचा, मागं टाकायचं. तो एका कडेनं निघाला आणि दुसऱ्या कडेला जाऊन थांबला. मग पाल्याचाच दोरीसारखा वेठ पिळून त्यानं मोळ्या बांधल्या आणि भिंतीला उभ्या केल्या. खराट्यानं जागा झाडली. जमिनीवर बोटभरही खुंट दिसत नव्हता. खूप दिवसांनी त्याला घाम आला होता आणि वारा लागून तो गार वाटत होता.

अंजू बाहेर आली आणि जागीच थांबली.

"बाबा, ह्ये काय केलं?"

"सर म्हनले कमी कर."

"आवो, वरून जरासं छाटायचं होतं."

"वरून?" आश्रुबाला समजेना. "आन खाली ऱ्हाऊ द्यायचं?"

उसाची गोडी बुडात असते. खुंट ठेवून तोडला तर मालक शिव्या घालतो, मुकादम शिव्या घालतो, आणि त्या खऱ्या असतात. आश्रुबाला कोवळ्या वयात बापानं पहिली थोबाडीत दिली होती ती उंचावरून तोडल्याबद्दलच. वरून तोडायचं काही काम असतं हे त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. तो झाडलेल्या जागेकडं बघत राहिला.

सर संध्याकाळी आले. गाडीतून उतरले, भिंतीकडं पाहिलं, मोळ्यांकडं पाहिलं. मग ते हसायला लागले. त्यांनी मोबाइल काढून मोळ्यांचा फोटो घेतला, मग आश्रुबाला मोळ्यांशेजारी उभं करून आणखी एक घेतला.

"काका, तुम्ही तर बांबूचा ऊस केलात," ते म्हणाले. "मॅडमनं पुण्याच्या नर्सरीतून आणले होते हे. आता तुम्हीच सांगा त्यांना काय सांगू."

फोटो पोरांच्या मोबाइलवर गेला. दुसऱ्या दिवशी गेटातून आत येता येता एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ए बे, ऊसवाले काका हेच." कोणी विचारायचं, "काका, कारखाना कधी सुरू व्हतोय?" कोणी म्हणायचं, "काका, साखरेचा उतारा किती पडला?" त्यात विष नव्हतं. आश्रुबा मान हलवायचा.

परमेश्वर मात्र हसला नाही. "मामा, तुमाला बसायचं सांगितलं व्हतं ना? कावून उठलात?"

"सरांनीच सांगितलं."

"सर म्हनतील. मोठी मानसं जाता जाता काय बी म्हनतेत. मला इचारायचं. माझी बी नोकरी हाय हितं."

आश्रुबानं खोलीचं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बघू संक्रांतीनंतर. खाडा करू नका, गेट सोडू नका. मला दुसरं काही नको." आधीचा वॉचमन ज्वारीच्या काढणीला म्हणून गावाकडं गेला होता, आठ दिवसांनी आला तेव्हा सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. ती गोष्ट परमेश्वरनं आश्रुबाला पुन्हा एकदा सांगितली.

त्यानंतर आश्रुबा बसायला शिकला. ते शिकायलाही दिवस जातात. आधी कंबर धरते, मग मांड्या दुखतात, मग पायाला मुंग्या येतात आणि माणूस पाय झटकतो. पुढं पुढं मुंग्या येतात तरी झटकावंसं वाटत नाही. मग त्या येतात की नाही तेही कळेनासं होतं. पाण्याच्या गाडीवाल्याच्या हातून जार निसटला आणि फुटला, पाणी खुर्चीच्या पायांपर्यंत आलं. आश्रुबानं पाय वर घेतले. एक म्हातारी कोर्टाचा रस्ता विचारत आली, त्यानं हनुवटीनं दाखवला. आधी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याला वेगळा दिसायचा. कोण कुठल्या गावचा, कोणाची चाल कशी, हे तो बसल्या बसल्या ओळखायचा. आता माणसं जायची, रिक्षा जायच्या, क्लास सुटला की सायकलींचा लोंढा जायचा, आणि संध्याकाळी कोणी विचारलं असतं की आज काय पाहिलं, तर त्याला सांगता आलं नसतं. सरांचा फोन येणं बंद झालं. कशाला येईल? खुर्ची कधी रिकामी नसायची.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. दुपारची वेळ. अंगदचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज चालू होता.

"आबा, आई पडली."

"कुठं?"

"फळीवरून. ट्रॉलीवर चढतानी. मोळी डोक्यावरच व्हती."

"लागलं का?"

"खांदा गेलाय. मानंला बी बसलंय. तालुक्याच्या दवाखान्यात नेतावोत. तुमी निघा."

"बरं," आश्रुबा म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तो खुर्चीवर तसाच होता. अंजू डबा खायला बाहेर ओट्यावर बसली होती, तिनं ऐकलं.

"बाबा, काय झालं?"

"मालकीन पडली फडात."

"आन बसला कावून मंग? उठा. स्टँडवर जावा, तिकडच्या गाड्या असतेत. मी बसते हितं खुर्चीवर."

"तू?"

"मी काय करायची वेगळं? बसायचंच तर हाय. सरांना फोन लावा, सांगा."

आश्रुबानं फोन काढला. सरांचं नाव परमेश्वरनं त्यात घालून दिलेलं होतं, हिरवं बटण दाबलं की लागला असता. तो बटणाकडं बघत राहिला. सर नाही म्हणाले नसते. सर म्हणाले असते, जा काका, आरामात या. आणि आरामात आल्यावर त्यांनी चहा पाजला असता. तिला खोलीत आणायची तर खोली पाहिजे, खोली पाहिजे तर गेट सोडता येत नव्हतं. इतकं सरळ त्याला दिसत होतं. त्याच्यापलीकडं काही असेल तर ते त्याला दिसत नव्हतं. बांबूच्या वेळी त्यानं आपल्या डोक्यानं एक गोष्ट केली होती. आता पुन्हा आपल्या डोक्यानं काही करावं असा भरवसा त्याला उरला नव्हता.

"अंगद हाय तिथं," तो म्हणाला.

अंजूच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तिनं तो डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि आत निघून गेली.

आश्रुबाला वाटलं होतं, आता आपल्याला काहीतरी होईल. रडू येईल, छातीत कळ येईल. तसलं काही झालं नाही. शहाळंवाल्यानं नारळाची टरफलं गोणीत भरली. एक कुत्रं येऊन गेटापाशी झोपलं. दिवस मावळला, परमेश्वरनं दिवे लावले.

पुढं तिला प्लास्टर घातलं, आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. आश्रुबा रोज फोन करायचा.

"कसं हाय?"

"बरं हाय."

"लई दुखतंय का?"

"न्हाई."

शेवटी ती म्हणायची, "ठिवते," आणि ठेवायची.

सरांना हे परमेश्वरकडून कळलं ते संक्रांत उलटल्यावर. ते लगबगीनं गेटावर आले. "काका, बायको दवाखान्यात आणि तुम्ही गेला नाहीत? मला सांगायचं तरी." त्यांचा चेहरा खरोखर कळवळलेला होता. मग त्यांनी आश्रुबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते त्याला आत हॉलमध्ये घेऊन गेले. सगळी पोरं माना वर करून बघायला लागली.

"हे काका बघा," सर म्हणाले. "तुम्ही यांना हसलात, मीही हसलो. घरी एवढं संकट आलं, पण यांनी आपली जागा सोडली नाही. तुम्हाला वर्दी घालायची आहे ना? मग शिस्त कशाला म्हणतात ते यांच्याकडून शिका."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आश्रुबानं हात जोडले. अंजू खिडकीपाशी बसली होती. तिनं समोरच्या पुस्तकाचं पान उलटलं आणि मान वर केली नाही.

त्याच दिवशी सरांनी त्याला खोलीची किल्ली दिली.

खोली चांगली होती. खाली फरशी होती, कोपऱ्यात नळ होता, मोडकी बाकडी काढल्यावर दोन माणसं झोपतील एवढी जागा झाली. आश्रुबानं एक चूल-शेगडी, दोन ताटं आणि चटई आणली. फोन करून तिला सांगितलं, "मिळाली." ती म्हणाली, "बरं झालं." खरं म्हणजे आता तिला फडातून काढायचं राहिलंच नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, या हातानं पुन्हा वजन उचलायचं नाही. मुकादमानं वच्छलाबाईला दुसरी जोडी लावून दिली होती.

अंगदनं आईला बीडच्या गाडीत बसवून दिलं. स्टँडवर परमेश्वर गेला आणि तिला रिक्षानं घेऊन आला. ती उतरली तेव्हा तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि ती आधीपेक्षा बुटकी झाल्यासारखी दिसत होती. आश्रुबा खुर्चीवरून उठून दोन पावलं पुढं गेला.

"आली?"

"आले."

तिनं त्याच्या निळ्या शर्टाकडं पाहिलं. "बारीक झालाव," ती म्हणाली. खरं तर त्याचं पोट सुटलं होतं.

पहिले दोन दिवस तिनं डाव्या हातानं खोली झाडली, पुसली, पुन्हा झाडली. मग झाडायला काही उरलं नाही. ती उंबऱ्यावर बसायची. तिथून तिला गेट दिसायचं, खुर्ची दिसायची आणि खुर्चीवरच्या नवऱ्याची पाठ दिसायची. इतकी वर्षं ती त्याच्या मागंच चालली होती, पण तेव्हा ती पाठ वाकलेली आणि हलती असायची.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "तुमी दिवसभर हितंच?"

"हितंच."

"करायचं काय?"

"बसायचं."

"आन?"

"पोरं येतेत, जातेत. बघायचं."

"उठायचंच न्हाई?"

"पानी पियाला, लघवीला. तसं न्हाई, उठता येतंय. पर त्यो कॅमेरा हाय."

तिनं डाव्या हातानं कालवण ढवळलं. भाकरी तिला मोडता येत नव्हती, आश्रुबानं मोडून तिच्या ताटात कुस्करली. थोडा वेळ दोघं जेवली.

"पडले तवा वच्छला म्हनली, भावजी येतील सांजच्याला," ती म्हणाली. "म्या म्हनलं, येतील. दुसऱ्या दिशी म्हनली, येतील आज. म्या म्हनलं, हां. मंग तिनं इचारायचं सोडलं."

"खोली गेली असती," तो म्हणाला.

"आसंल."

"तुज्यासाठीच धरली व्हती."

"ठावं हाय की मला." तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "चांगली हाय खोली. उन्हाळ्यात तापंल जरा."

एवढंच बोलणं झालं. पुढचे दोन दिवस तसेच गेले. मग एका सकाळी तो खुर्चीवर जाऊन बसला आणि थोड्या वेळानं ती कापडाचं गाठोडं डाव्या काखेत घेऊन गेटापाशी आली.

"धारूरची गाडी कवा हाय?"

"असती अकराच्या सुमाराला. कावून?"

"जाते गावाकडं. मी पडल्यापासून अंगदची लेकरं गावात शेजारी ठिवल्यात, शेजारी किती दिस बघतील. आन हितं मी काय करू? एकानं बसायचं काम हाय, त्याला दोघं कशाला?"

"हात बरा हू दे."

"तिथं बी व्हईल बरा."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. ती गाठोडं सावरत गेटाच्या बाहेर पडली आणि रिक्षा न बघता पायीच चालायला लागली. डांबरी रस्त्याच्या कडेनं, मान न वळवता, आख्ख्या अंगानं वळून पाहत ती रस्ता ओलांडू बघत होती. एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला.

आश्रुबा उठला. आपण कधी उठलो ते त्याला कळलं नाही, रस्त्याच्या मध्यावर तो तिच्यापाशी पोहोचला तेव्हा कळलं. त्यानं गाठोडं घेतलं. दोघं स्टँडपर्यंत चालत गेली. वाटेत त्यानं एक हात सारखा खिशावर ठेवला होता. आता वाजेल, मग वाजेल. सर म्हणतील, काका, खुर्ची रिकामी दिसतीय. काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवलं, मग विसरला, मग पुन्हा जुळवलं.

गाडी उशिरा लागली. गर्दी होती. त्यानं खिडकीतून आत हात घालून सीटवर आपला रुमाल टाकला, जागा धरली, मग तिला पुढच्या दारानं चढवलं. ती खिडकीपाशी बसली.

"जावा आता," ती म्हणाली. "तुमाला बोलतील."

"गाडी सुटू दे."

गाडी लवकर सुटेना. कंडक्टर कुठंतरी चहा प्यायला गेला होता. आश्रुबा खिडकीखाली उभा राहिला. त्यानं फोन काढून पाहिला, तो बंद तर पडला नाही ना म्हणून. चालू होता.

"पाडव्याला या," सुभद्राबाई म्हणाली.

"बगू," तो म्हणाला. मग म्हणाला, "येतो."

गाडी गेल्यावर तो तिथंच थांबला, शेजारच्या नळावर पाणी प्याला आणि सावकाश परत निघाला. जाताना जी घाई होती ती येताना नव्हती. आता वाजला काय आणि नाही काय. गेटापाशी आला तेव्हा पोरांची जेवणाची सुट्टी होऊन गेलेली होती. खुर्ची होती तिथंच होती. कोणीतरी तिच्यावर दप्तर ठेवून आत गेलं होतं. त्यानं दप्तर उचलून ओट्यावर ठेवलं आणि तो बसला.

दुपार कलली. सरांची गाडी आली. सर उतरले, म्हणाले, "काय काका, बरं आहे ना?" आणि फोनवर बोलत जिना चढून गेले.

संध्याकाळी परमेश्वर चहाचे दोन कागदी कप घेऊन आला आणि ओट्यावर टेकला.

"परमेश्वरा," आश्रुबा म्हणाला, "मी दुपारी नव्हतो हितं."

"कुठं गेलतात?"

"स्टँडवर. मामीला बसवून द्याया. लई येळ गेलतो."

"आसं व्हय," परमेश्वर म्हणाला. त्यानं चहात बिस्किट बुडवलं, ते कपात मोडून पडलं, ते तो बोटानं काढत बसला. "मला कुठं कळलं. बसली का जागा बघून?"

"बसली."

"गर्दी असती त्या गाडीला."

आश्रुबानं वर कोपऱ्याकडं पाहिलं. पांढरं ते तिथंच होतं. कधीपासून कोणी बघत नसेल, दिवाळीपासून की त्याच्याही आधीपासून, हे विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण अंगदचा फोन आला त्या दुपारी कोणी बघत होतं की नाही, हेही मग विचारावं लागलं असतं. त्यानं चहा पिऊन टाकला. क्लास सुटला होता, सायकली बाहेर पडत होत्या, आणि त्यांना वाट मिळावी म्हणून त्यानं खुर्ची जराशी भिंतीकडं सरकवून घेतली.